कोडमध्ये काही नव्हतं!

शनिवारी रात्री दीड वाजता मी हॉलच्या फरशीवर पालथी पडून एका पिवळ्या चाकाला शिव्या घालत होते. वय वर्षं ४१. त्यातली १४ सॉफ्टवेअरमध्ये. आणि तेच तर नडलं. "अगं, तू सॉफ्टवेअरवाली ना, तुझं दहा मिनिटांचं काम!" असं म्हणून दादा आठवीतल्या भाच्याला आणि बुटाच्या एका खोक्याला माझ्याकडे सोडून निघून गेला होता.

खोक्यात लाइन फॉलोअर रोबो, म्हणजे काळ्या रेघेवरून आपोआप चालणारी छोटी गाडी. अर्डुइनो नॅनोचा क्लोन (कोड चालवणाऱ्या छोट्या बोर्डाची नक्कल), मोटरना वीज पुरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, चाकांच्या दोन बीओ मोटर, रेघ ओळखणारे दोन आयआर सेन्सर, सर्व्होवर (ठरावीक कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरवर) बसवलेला अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि एचसी-०५ ब्लूटूथ. सगळा माल पुण्याच्या बुधवार पेठेतला, पासोड्या विठोबाच्या देवळाजवळचा. सोमवारी शाळेत प्रदर्शन. कोड पोराने स्वतः लिहिला होता आणि चांगला लिहिला होता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचे साडेपाच तास जो तो त्या बिचाऱ्या कोडवरच खापर फोडत होता.

आठ वाजता बसलो. लॅपटॉपवर पोर्टच, म्हणजे बोर्ड जोडल्याची खूणच, दिसेना. बोर्डावरचा लाल दिवा मात्र झकास पेटलेला. बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर (लॅपटॉपला ती ओळखता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाकला, काढला, पुन्हा टाकला. लॅपटॉप दोनदा रीस्टार्ट. पाऊण तासाने भाचा म्हणाला, "आत्या, दुसरी केबल लावून बघूया का?" लावली. पोर्ट हजर! यूएसबी केबलमध्ये चार तारा लागतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. या केबलमध्ये डेटाच्या नव्हत्याच. फक्त चार्जिंगची. बाहेरून बघाल तर तोच प्लग, तीच जाडी, तोच काळा रंग. नळाला चकचकीत तोटी बसवायची आणि भिंतीत पाइपच टाकायचा नाही, असला प्रकार. अरे, दोन तारा वाचवल्यात ना, मग त्यावर तसं छापायला काय जातं? मी ती केबल उचलली आणि थेट कचऱ्याच्या डब्यात घातली.

मग अपलोड, म्हणजे कोड बोर्डात घालणं. 'प्रोग्रामर इज नॉट रिस्पॉन्डिंग.' अटेम्प्ट १ ऑफ १०, अटेम्प्ट २ ऑफ १०... दहाही वेळा तेच. या संदेशावर माझा खास राग आहे. पोर्ट चुकला तरी हाच. बोर्ड चुकीचा निवडला तरी हाच. बोर्डाच्या पिन ० आणि १ वर (पिन म्हणजे तार जोडायची जागा) ब्लूटूथ लावून ठेवलंय, आणि यूएसबीचं बोलणंही त्याच दोन पिनांवरून चालतं, तरी हाच. डॉक्टरने प्रत्येक पेशंटला "तुम्हाला बरं वाटत नाहीये" एवढंच सांगून फी घ्यावी, तसं. आमच्याकडे दोन कारणं एकदम होती. ब्लूटूथ काढलं, तरी तेच. मग कळलं की क्लोनमध्ये जुना बूटलोडर (चिपमध्ये आधीपासून असलेला, नवा कोड आत घेणारा छोटा प्रोग्राम) आहे. नवा सेकंदाला १,१५,२०० बिट्सच्या वेगाने बोलतो, जुना ५७,६०० च्या. मेनूत 'प्रोसेसर'खाली 'ओल्ड बूटलोडर' निवडला आणि पहिल्या फटक्यात अपलोड. पण बोर्डाच्या पाकिटावर तसं लिहिलेलं? छे! पाकिटावर फक्त किमतीचं स्टिकर.

मध्ये मी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. चार इंजिनिअर, चौघांचं एकच उत्तर: "कोड पाठव." अरे बाबांनो, कोड बोर्डात शिरतच नाहीये!

शिरल्यावर रोबो फरशीवर ठेवला. मोटर फिरायला लागली की बोर्ड रीसेट. पुन्हा सुरू, पुन्हा रीसेट. उचकी लागल्यासारखा. कारण किटमध्ये दिलेली ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. ती मल्टिमीटरसारख्या अगदी कमी करंट लागणाऱ्या वस्तूंसाठीची, दोन मोटरना सुरू होताना लागणारा करंट तिने आणायचा कुठून? व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि कंट्रोलर (बोर्डावरची मुख्य चिप) बेशुद्ध पडतो. वरून तो एल२९८एन जुन्या पद्धतीचा, १ अँपिअर वाहताना दोनेक व्होल्ट स्वतःच खाऊन गरम होऊन बसतो. आणि तरी जिथे बघावं तिथे हीच बॅटरी नि हाच ड्रायव्हर एका पाकिटात घालून पोरांच्या गळ्यात मारतात! ज्यांनी हे किट जुळवलं त्यांनी एकदा तरी ते चालवून बघितलंय का? मी माझ्या टॉर्चमधले दोन १८६५० सेल (रिचार्जेबल लिथियम सेल) काढून मोटरना जोडले, नॅनोला पॉवर बँक दिली. तरी मोटर ढिम्म. दोन्हीकडचं ग्राउंड (ऋण टोकाची तार) एकमेकांना जोडायचं राहिलं होतं. ही चूक माझीच, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

आणि मग ते पिवळं चाक.

डावं चाक मस्त चालतंय, उजवं मेलेलं. रोबो जागच्या जागी फेर धरतोय. तारा बदलल्या, मोटर बदलली, मोटर ड्रायव्हरची बाजू बदलली. वेग ० ते २५५ मध्ये द्यायचा; १८० दिला की उजवं चाक गप्प, २५५ दिला की उधळतं. २५४? पुन्हा गप्प! डोक्याची पार मंडई. कोडमधली सर्व्होची ओळ काढली की चाक व्यवस्थित, परत घातली की मेलं. पण सर्व्हो तर पिन ३ वर आहे आणि चाक पिन ९ वर, यांचा संबंध काय? संबंध असा की सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) टायमर १, म्हणजे चिपमधलं एक घड्याळ, स्वतःसाठी घेते, आणि पिन ९ व १० चा पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणं) त्याच टायमरवर चालतो. सर्व्हो कुठल्याही पिनवर लावा, त्या दोन पिनांचा वेगाचा ताबा गेलाच. २५५ ला मात्र टायमर लागतच नाही, पिन सरळ चालू होते, म्हणून तेवढं चालत होतं. लायब्ररीच्या माहितीत हे एका ओळीत लिहिलेलं आहे. पण कंपायलर, म्हणजे कोड तपासून चिपच्या भाषेत नेणारा प्रोग्राम? एक चकार शब्द नाही. सेमीकोलन विसरलं की ओरडतो, आणि सव्वा तास माझं चाक मेलंय तर स्क्रीन म्हणते, 'डन अपलोडिंग.'

तार ९ वरून काढून ६ वर लावली. कोडमध्ये बदल किती? एक आकडा.

रोबो काळ्या टेपवरून सरसर गेला तेव्हा भाचा सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता. बघायला फक्त मी.

रविवारी सकाळी दादाचा फोन. "झालं ना? म्हटलं होतं, दहा मिनिटांचं काम." मी फोन ठेवला आणि टेप घ्यायला ड्रॉवर उघडला. आत ती काळी केबल. पुसलेली, नीट गुंडाळलेली, वर रबरबँड. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चांगली वायर टाकतेस काय गं कचऱ्यात? माझा फोन होतोय की तिच्यावर चार्ज."