टायगर्स बंद पडलेली नाही

आज दुपारी आम्ही एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. माझ्या लेकीच्या अंगात मेलबर्न टायगर्स या बास्केटबॉल क्लबची लाल हुडी. पान वाढून झाल्यावर एक गृहस्थ तिला म्हणाले, "ही टीम तर केव्हाच बंद पडली ना गं? आता मेलबर्न युनायटेड आहे." ती म्हणाली, "नाही काका, मी तिथेच खेळते." त्यावर हसून, "हां हां, ती बी-ग्रेडवाली." पोरीचा चेहरा उतरला. दुसऱ्याच्या घरी, भरल्या ताटावर वाद नको म्हणून मी काही बोलले नाही. पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

बंद पडली? १९३१ सालचा क्लब आहे तो. चर्चच्या मुलांनी सुरू केलेला. 'मेलबर्न चर्च' याच नावानं तो बरीच वर्षं खेळला, टायगर्स हे नाव नंतरचं. ऑस्ट्रेलियात तेव्हा बास्केटबॉलला विचारतंय कोण! उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात फूटी म्हणजे इथला फुटबॉल, त्यात बसेल तेवढी जागा. केन वॉटसन नावाच्या माणसानं आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या लिंडसे गेझ यांनी हा खेळ मेलबर्नमध्ये अक्षरशः हातानं उभा केला. लिंडसे गेझ १९६०, ६४ आणि ६८ अशी तीन ऑलिंपिक खेळले आणि पुढची चार, १९७२ ते १९८४, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. या सगळ्या काळात राज्याच्या संघटनेचं कामही तेच बघायचे. त्यांचं बिऱ्हाड कुठे होतं ठाऊक आहे? अल्बर्ट पार्कच्या स्टेडियमला लागून. मुलगा अँड्र्यू त्या कोर्टांवरच वाढला. घराचं दार उघडलं की कोर्ट.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. शुक्रवारी रात्री मुलांच्या राज्य लीगचे सामने असतात आणि स्कोअर टेबलवर, म्हणजे पॉइंट आणि फाऊल लिहायला, दोन्ही संघांच्या पालकांना आळीपाळीनं बसावं लागतं. माझी पहिली पाळी आली तेव्हा मला त्या कागदातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी आमच्याच संघातल्या एका मुलीचे आजोबा बसले होते. त्यांनी मला सांगितलं, पंचांच्या तोंडाकडे नको, हातांकडे बघ. फाऊल कुणाचा ते बोटांनी नंबर दाखवून सांगतात. सामना संपेपर्यंत मला ते सगळं जमलं होतं, आणि त्यानंतर हॉल रिकामा होईपर्यंत आजोबा अल्बर्ट पार्कबद्दल बोलत होते. लहानपणी ते तिथे दर शनिवारी खेळायचे. एका कोर्टावर राष्ट्रीय संघातले खेळाडू, शेजारच्या कोर्टावर ही पोरं, आणि पाणी प्यायला सगळ्यांना नळ एकच. तो नळ त्यांनी मला हातवारे करून दाखवला. आता तिथे ते स्टेडियमच नाही. १९९६ ला अल्बर्ट पार्कात फॉर्म्युला वन आलं, जुनं स्टेडियम गेलं, आणि १९९७ ला त्याच बागेच्या कडेला पोहण्याचे तलाव आणि बास्केटबॉलची कोर्टं असलेलं मोठं क्रीडा केंद्र उभं राहिलं. आमचे सामने तिथेच होतात. आजोबांना नवी इमारतही आवडते, हे मुद्दाम लिहिते. हा माणूस जुन्यासाठी रडणारा नाही.

एनबीएल ही राष्ट्रीय लीग १९७९ ला सुरू झाली, टायगर्स त्यात उतरली १९८४ ला. अँड्र्यूचा पहिला मोसम, प्रशिक्षक वडील. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. मग हरणं, हरणं आणि हरणं. हा चमत्कारासारखे पॉइंट करायचा आणि टीम हरायची. मध्ये एक मोसम तो अमेरिकेत सीटन हॉल विद्यापीठाकडून खेळला, १९८९ च्या कॉलेज फायनलला त्यांचा संघ जादा वेळेत एका पॉइंटनं हरला. परत आला तो टायगर्सकडेच. १९९२ ला लॅनार्ड कोपलँड आला, पुढच्या वर्षी मार्क ब्रॅडके, आणि १९९३ ला पर्थ वाइल्डकॅट्सला हरवून पहिलं विजेतेपद! १९९७ ला दुसरं, तेही गावातल्याच साउथ ईस्ट मेलबर्न मॅजिकला हरवून. सामने टेनिस सेंटरमध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनच्या त्या मोठ्या कोर्टाच्या जागी. स्टेडियम भरायचं. आजोबा बायकोला घेऊन जायचे, ठरलेल्या दोन खुर्च्या, वर्षानुवर्षं त्याच. आजी आता नाहीत. ते बोलताना आजोबा स्कोअरशीटच्या कडेला पेनानं बारीक रेघा ओढत होते.

अँड्र्यू गेझनं एनबीएलमध्ये १८,९०८ पॉइंट केले. सात वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पाच ऑलिंपिक, आणि २००० ला सिडनीत, घरच्या ऑलिंपिकमध्ये, ऑस्ट्रेलियाचा ध्वज त्याच्या हातात. २००५ ला बापलेक एकाच वर्षी निवृत्त झाले. ज्यांना 'बी-ग्रेड' म्हणायचंय त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

त्यानंतर क्रिस अँस्टी, डॅरिल मॅकडॉनल्ड यांच्या संघानं २००६ आणि २००८ ला आणखी दोन विजेतेपदं आणली. तोवर एनबीएलचा परवाना, म्हणजे लीगमध्ये संघ उतरवायचा हक्क, क्लबच्या हातात राहिला नव्हता, खासगी मालकांकडे गेला होता. इथंच सगळं आहे. मैदानावर टायगर्स, कागदावर दुसरंच कुणीतरी.

आणि २०१४ ला मालकांनी ठरवलं की टायगर्स हे नाव नको. सगळं शहर आपलं वाटलं पाहिजे म्हणून 'मेलबर्न युनायटेड'. काळे-लाल-पिवळे रंग गेले. एकतीस साली लावलेलं, गेझ कुटुंबानं आयुष्य घातलेलं, चार विजेतेपदं मिळवलेलं, हे सगळं एका पत्रकार परिषदेत संपवलं. मला सांगा, आपल्यापैकी कुणाला हे पटेल? आपल्या गावातल्या तालमीचं नाव कुणी पैसेवाल्यानं येऊन बदललं, म्हणाला नवीन नाव जास्त लोकांना चालेल, तर आपण काय करू? मला उत्तर नकोच आहे, तुम्ही काय कराल ते मला ठाऊक आहे.

बरं, मान्य. व्यावसायिक संघ चालवायला पैसा लागतो, आणि त्या काळात एनबीएलचीच अवस्था नाजूक होती. युनायटेडनं प्रेक्षक आणले, २०१८ आणि २०२१ ला विजेतेपदंही आणली. त्यांचे खेळाडू चांगले आहेत, माझी लेकही त्यांचे सामने बघते. झालं. याहून जास्त मी मान्य करणार नाही.

कारण विजेतेपदांच्या यादीत युनायटेड टायगर्सची चारही मोजतं. नाव नको, रंग नको, पण १९९३ हवं! हे मला अजिबात खपत नाही. ज्या नावाची तुम्हाला अडचण झाली त्या नावाचे चषक तुमच्या कपाटात कशाला?

आजोबांना मी विचारलं होतं, नाव बदललं त्या वर्षी तुम्ही काय केलं? काही नाही म्हणाले, दोन खुर्च्यांचं तिकीट पुढच्या वर्षी काढलं नाही. मी म्हटलं, म्हणजे टायगर्स सोडली? तेव्हा मात्र ते रागावले. म्हणाले, "मी कुठे सोडली? ती जिथे गेली तिथे मी आलो."

कारण क्लब कुठेच गेला नव्हता, आणि हेच त्या जेवणाच्या टेबलावरच्या गृहस्थांना कुणी सांगितलेलं नाही. टायगर्स हे नाव मूळ क्लबकडेच राहिलं. मुलामुलींचे संघ त्याच नावानं खेळत राहिले, मोठ्यांचे संघ राज्य पातळीवर खेळत राहिले. २०१९ ला जुन्या सीबल लीगच्या जागी एनबीएल-वन ही सेमी-प्रोफेशनल लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्याच मोसमात टायगर्सचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ त्यात होते. सोबत बेंडिगो, बॅलरॅट, जिलाँग, नुनावाडिंग, फ्रँकस्टन, होबार्ट. ही सगळी शहरं, गावं नि उपनगरं. प्रत्येकाचा आपला हॉल, आपलं कँटीन, आपली चिडकी म्हातारी माणसं.

सेमी-प्रोफेशनल म्हणजे काय ते लोकांना कळत नाही. खेळाडूंना थोडे पैसे मिळतात, बाहेर देशातून आलेल्या एकदोघांना जरा जास्त. बाकीच्यांना दिवसा नोकरी असते नाहीतर कॉलेज असतं. कामावरून सुटायचं, ट्रॅफिकमधून सरावाला पोचायचं, रात्री उशिरा घरी, सकाळी पुन्हा काम. मोसम हिवाळ्यात, कारण एनबीएल उन्हाळ्यात असते. त्याच हिवाळ्यात माझी लेक महिलांच्या सामन्याला पहिल्या रांगेत बसते. महिलांचा सामना आधी आणि पुरुषांचा नंतर, एकाच तिकिटात. कोर्टापासून हाताच्या अंतरावर. सामना संपला की त्याच खेळाडू येऊन पोरींशी बोलतात, बुटांची चौकशी करतात, डाव्या हातानं ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट) येतो का विचारतात. हे पंधरा हजार लोकांच्या स्टेडियममध्ये होईल?

आणि बी-ग्रेड म्हणताना जरा जपून. लॉरेन जॅक्सन, जिच्याइतकी मोठी खेळाडू या देशात झाली नाही, गुडघ्यामुळे निवृत्त होऊन वर्षं उलटल्यावर २०२२ ला परत आली तेव्हा ती कुठे खेळली? ऑल्बरी वोडोंगा बँडिट्सकडून, याच एनबीएल-वनमध्ये. आणि त्याच वर्षी सिडनीच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाकडून खेळून कांस्यपदक घेऊन गेली. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये पोचलेला डायसन डॅनियल्स बेंडिगोचा. बेन सिमन्स, २०१६ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यात आधी निवडलेला खेळाडू, त्याचे वडील डेव्ह सिमन्स टायगर्सकडून खेळलेले. वरचा मजला दिसतोय तुम्हाला, पण त्याला टेकू कुणाचा आहे?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या गृहस्थांचा तसा दोष नाही. टीव्हीवर जे दिसतं तेच आहे असं वाटतं माणसाला. आम्ही इथे आलो तेव्हा आम्हाला तरी कुठे काय ठाऊक होतं? या शहरात आमचं कुणी नव्हतं. शेजाऱ्यांशी हाय-हॅलोच्या पुढे गाडी सरकली नव्हती. माझी पहिली खरी ओळख झाली ती स्कोअर टेबलवर. माझं नाव नीट उच्चारता यावं म्हणून आजोबांनी ते स्कोअरशीटच्या मागे लिहून घेतलं होतं आणि पुढच्या शुक्रवारी बरोबर म्हणून दाखवलं. त्यानंतर कुणाच्या गाडीतून पोरींनी जायचं, कुणी संत्री कापून आणायची, कुणाची आई आजारी आहे, हे सगळं मला कळायला लागलं. क्लब म्हणजे हे. परवान्याची खरेदी-विक्री होते, याची कशी होणार?

आणि म्हणूनच पुन्हा राग येतो. कारण हे चालवणारी माणसं फुकट राबतात. फीचे हिशोब ठेवणारी बाई, रात्री दहाला खुर्च्या रचणारे बाप, पंच म्हणून शिट्टी वाजवणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं, ज्यांच्यावर आपलेच पालक ओरडतात. (हो, आपले मराठी पालकसुद्धा. बघितलंय मी. लाज वाटली पाहिजे.) त्यांच्या नव्वदहून जास्त वर्षांच्या कामाला कुणी जाता जाता 'बंद पडली' म्हणतं, आणि ते एका पोरीसमोर, जिनं हुडी घातलीय कारण निवड झाली त्या रात्री आनंदाच्या भरात तिला झोपच आली नव्हती.

मेलबर्नमधल्या मित्रमैत्रिणींनो, दोन गोष्टी करा. मार्च-एप्रिलच्या सुमारास मोसम सुरू होतो, एखाद्या शनिवारी महिलांच्या सामन्याच्या वेळेला अल्बर्ट पार्कात या, पुरुषांच्या सामन्यापर्यंत थांबा. पोरांना आणा. पार्किंगला वेळ लागतो, लवकर निघा. आणि तुमचं मूल कुठल्याही क्लबात खेळत असेल तर स्कोअर टेबलची पाळी टाळू नका, "मला येत नाही" म्हणून तर मुळीच नाही. शेजारी कुणीतरी शिकवणारं बसलेलं असतं.

आणि एनबीएलवाल्यांना मराठी वाचता येत नाही, पण तरी लिहिते: १९९३, १९९७, २००६, २००८ यांच्यापुढे मेलबर्न टायगर्स लिहा. तेवढंच लिहा.