दोघांची रत्नागिरी, आळीपाळीने

"या वेळी दोघंच कुठंतरी जाऊ या," असं बायको म्हणते तेव्हा सोफ्याखाली कुत्र्याचे कान टवकारले जातात. त्याला मराठीतलं 'जाऊ या' एवढंच कळतं, पण ते पक्कं कळतं.

रेल्वेत कुत्रा डब्यात न्यायचा तर फक्त फर्स्ट एसीत, तेही अख्खी केबिन किंवा कूपे आपल्या नावावर असेल तरच. कूपे दोन बर्थचा, दाराला आतून कडी. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा एकांत कुत्र्याच्या पुण्याईने मिळतो. त्यासाठी तिकीट काढून वेगळा अर्ज करायचा, लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचा ताजा दाखला जवळ ठेवायचा आणि दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिस गाठून वजन करून पावती घ्यायची. काट्यावर कुत्रा उभा राहत नाही. मग मालकाने त्याला उचलून उभं राहायचं आणि नंतर मालकाचं वजन वजा करायचं. तो आकडा हमालापासून रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना ऐकू जातो. एवढं करून कूपे मिळाला की नाही, हे चार्ट लागल्यावरच कळतं. नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात.

मोटारीने जायचं तर निघण्याआधी तीन-चार तास त्याला उपास. नाहीतर घाटाच्या वळणावर सकाळचा दहीभात सीटवर परत येतो. थांबल्यावर आधी पट्टा लावायचा, मग दार उघडायचं. क्रम चुकला तर महामार्गावर धावायची पाळी आपली.

राहायच्या जागेला फोनवर "कुत्रा चालेल ना?" एवढंच विचारू नये. "चालेल हो, न चालायला काय झालं?" हे उत्तर ठरलेलं असतं. विचारायचं ते असं: गडगा, म्हणजे दगडी कुंपण, केवढा? विहिरीला कठडा आहे? शेजारी कोंबड्या कोणाच्या? कमरेएवढा गडगा आमच्या कुत्र्याला उंबरठ्यासारखा.

आता खुद्द शहर. थिबा राजवाडा १९१० साली बांधला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा राणीसह इथे नजरकैदेत राहिला आणि १९१६ साली वारला. त्याला परवानगीशिवाय बाहेर सोडत नसत, कुत्र्याला आत सोडत नाहीत. म्हणून ती आत जाते, मी बाहेर पट्टा धरून. मग मी आत, ती बाहेर. टिळकांचं जन्मस्थान असंच. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ, तिथेही दर्शन पाळीने. संध्याकाळी "दालनातलं ते बघितलंस का?" हा एकच विषय, आणि नेमकं तेच दुसऱ्याने बघितलेलं नसतं.

किल्ल्यावर सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं कलल्यावर जावं. तापलेल्या फरशीवर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर तिथे पंजेही टेकवायचे नाहीत. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी गारवा धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवण्यातून. कोकणच्या हवेत दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे जीभ काय वाळणार? सावली शोधावी आणि थोडंथोडं पाणी पाजत राहावं. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर लागतंच, उन्हात त्याहून जास्त.

भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत सोडण्याआधीही गोडं पाणी पाजावं. तहानलेला कुत्रा समुद्र पितो आणि रात्रभर उलट्या-जुलाब करून तो परत करतो. कुजकी मासळी सापडली की तो खात नाही, आधी तिच्यावर लोळतो. अत्तर लावल्यासारखा, कानामागेसुद्धा. खाऱ्या पाण्याने ते जात नाही. साबण आणि दोन बादल्या गोडं पाणी लागतं आणि मालकिणीचा टॉवेल जातो. हापूसचा बाठा तोंडात दिसला तर ओढूनच काढावा, आतड्यात अडकला तर ऑपरेशन. अंधार पडल्यावर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर, फिरवायचं तर बॅटरी हवीच. फुरसं हा विषारी साप जांभ्याच्या रंगात असा मिसळतो की, कुत्र्याचं नाक आपल्या डोळ्यांच्या आधी तिथे पोचतं.

घरी आल्यावर फोनमध्ये राजवाड्याचे साठ फोटो निघतात. निम्म्यांत ती एकटी, निम्म्यांत मी एकटा. तिघं एकत्र असलेला एकच, हमालदादांनी काढलेला, पार्सल ऑफिसच्या काट्याशेजारी. मागचा आकडा अगदी स्पष्ट आलाय.