एंटरप्राइजचं मॅन्युअल 'लीक' झालेलं नाही, आणि बडोद्यातून तर मुळीच गेलेलं नाही

ते फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर कधीपासून फिरतंय, मी लक्ष दिलं नव्हतं, गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर असलं काही ना काही येतंच. पण परवा दांडिया बाजारला ताईकडे गेलो तर भाचीनी तेच्या तेच सायन्स एक्झिबिशनच्या चार्टवर उतरवलेलं, स्केचपेननी, खाली लाल अंडरलाइन, आणि वर मलाच विचारते, मामा, तुझ्याकडे ते पुस्तक आहे ना, मग बरोबर आहे ना सगळं? नाहीये. काका, रागावू नका, पण ग्रुपवर ते तुम्हीच टाकलंयत.

दावा थोडक्यात असा. 1975 मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या जुन्या सिरियलमधल्या एंटरप्राइज नावाच्या अंतराळ-जहाजाचं टेक्निकल मॅन्युअल निघालं, ते म्हणे एअरफोर्सच्या कॉम्प्युटरमधून लीक झालेलं. मूळ डिझाइन आपल्या बडोद्यातल्या वैमानिक शास्त्राच्या, म्हणजे विमानं कशी बांधायची हे सांगणाऱ्या संस्कृत पोथीतलं, पाऱ्याच्या इंजिनासकट. नकाशे विमानवाल्या डिझायनरनी काढलेत आणि पुस्तक ऑफिशियल आहे म्हणून एकेक आकडा अचूक. आणि नासानी त्यावरूनच एंटरप्राइज नावाचं यान बांधलं. शेवटी अर्थातच 'प्रत्येक भारतीयापर्यंत पोचवा'.

लीकचं आधी उरकतो. पुस्तकाच्या प्रस्तावनेतच ती गोष्ट रचलेली आहे, की ही माहिती भविष्यातल्या जहाजावरून चुकून ओमाहाच्या एअरफोर्स बेसच्या कॉम्प्युटरात गेली. जानेवारी 1967 च्या एका एपिसोडमध्ये एंटरप्राइज मागच्या काळात येऊन पडतं आणि एअरफोर्सचा एक पायलट जहाजावर येतो, त्याला धरून केलेली गंमत आहे ती. लेखकानी डोळा मारलाय आणि आपल्याकडे कुणीतरी तीच बातमी म्हणून छापली. हसावं की रडावं.

आता पोथी. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण बडोद्याचं नाव मध्ये आणलंय.

प्रत बडोद्यात होती हे खरंय, नाकारत नाही. इथल्या 'राजकीय संस्कृत लायब्ररी' नावाच्या लायब्ररीत 1944 पर्यंत एक प्रत आलेली होती, 1959 ला हिंदीत छापलं गेलं आणि 1973 ला इंग्रजी भाषांतरासकट. पण लायब्ररीत सापडलं म्हणजे जुनं असं कुठे असतं? बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी 1974 मध्ये हा ग्रंथ तपासला, टिंगल करायला नाही, व्यवस्थित, भाषा बघितली, इतिहास शोधला, आकृत्या घेऊन विमान उडेल का याचा हिशोब केला. निष्कर्ष असा की हे लिखाण 1904 च्या आधीचं असू शकत नाही, पंडित सुब्बराय शास्त्रींनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलं आणि दुसऱ्यानी उतरवून घेतलं. आणि आकृत्या? त्या बंगळुरूच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समननी काढलेल्या. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही चार विमानं त्यात आहेत आणि चारपैकी एकही उडण्यासारखं नाही, असं त्या पाच जणांनी स्पष्ट लिहिलंय. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तो पेपर वाचावा, मग आपण बोलू.

आणि तारखा तरी बघा ना. एंटरप्राइजचा आकार सिरियलचा आर्ट डायरेक्टर मॅट जेफरीजनी ठरवला, सिरियल सुरू झाली सप्टेंबर 1966 मध्ये, आणि पोथीचं इंग्रजी आलं 1973 ला. म्हणजे हॉलिवूडमधल्या माणसानी बडोद्याची संस्कृत पोथी नाहीतर तिचं हिंदी मिळवून वाचलं असं धरायचं का? त्याला निर्मात्याकडून सूचनाच अशी होती की रॉकेट नको, ज्वाळा नकोत, पंख नकोत. पोथीतलं शकुन तर पक्ष्यासारखं पंखवालं. शिवाय सिरियलमधलं इंजिन मॅटर-अँटीमॅटरवर चालतं आणि त्यात डायलिथियमचे क्रिस्टल आहेत, पारा आला कुठून? बादरायण संबंध म्हणतात तो हाच.

पुढचं, 'डिझायनरनी काढलं म्हणून अचूक'. इथे अर्धं खरं आहे ते मान्य करावं लागतं. मॅन्युअल काढणारे फ्रान्झ जोसेफ खरंच विमान कंपनीत डिझायनर होते आणि त्यांच्या लाइनी बघून मला आजही हेवा वाटतो, मी मकरपुऱ्यात ड्रॉइंगवरच पोट भरतो. पण ड्रॉइंग सुबक असणं वेगळं आणि डायमेन्शन बरोबर असणं वेगळं, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळतं. आणि मुळात जहाज नाहीच्चे! आहे तो एक मॉडेल, काही सेट आणि पडद्यावरचे संवाद. त्यामुळे ताडायचं ते पडद्याशी, दुसरं मोजायला काही नाही.

ब्रिजचंच बघा, म्हणजे कॅप्टन बसतो ती जहाजाची कंट्रोल रूम. मॉडेलवर ब्रिजच्या घुमटामागे बरोब्बर मधोमध एक छोटी नळकांडी आहे, ती टर्बोलिफ्टची, म्हणजे जहाजातल्या लिफ्टची, असं सगळे धरतात. सेटवर मात्र लिफ्टचं दार कॅप्टनच्या खुर्चीच्या थेट मागे नाहीच, एका बाजूला सरकलेलं आहे. दोन्ही जुळवायला फ्रान्झ जोसेफनी अख्खा ब्रिज 36 अंशांनी फिरवला, म्हणजे त्यांच्या नकाशाप्रमाणे कॅप्टन कर्क समोर बघत बसलाय पण जहाज जातंय तिरकं. फॅन लोक यावर अजून भांडतात. एक गट म्हणतो नळकांडी म्हणजे लिफ्ट नाहीच, दुसरा म्हणतो तिरकं तर तिरकं, ब्रिजवर तशीही बाहेर बघायची खिडकी थोडीच आहे. मी दुसऱ्या गटात, पण म्हणून हा 'अचूक आकडा' होत नाही, ही तडजोड आहे, आणि हुशार तडजोड आहे.

'ऑफिशियल म्हणजे फायनल' हेही तसलंच. 'स्टार वॉर्स'मधलं एक्झिक्युटर घ्या, डार्थ व्हेडरचं मोठं जहाज. ऑफिशियल पुस्तकांत वर्षानुवर्षं लांबी 8 किलोमीटर. फॅननी काय केलं, सिनेमातल्या फ्रेममध्ये बाजूला असलेल्या 1600 मीटरच्या स्टार डिस्ट्रॉयर जहाजाशी ताडून बघितलं आणि उत्तर आलं साधारण 11 पट, म्हणजे साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. यात पुढाकार कर्टिस सॅक्स्टन या खगोलभौतिकीवाल्या फॅनचा, पुढे त्यालाच ऑफिशियल पुस्तक लिहायला मिळालं. आता ऑफिशियल लांबी 19 किलोमीटर आहे. 8 पण ऑफिशियल आणि 19 पण ऑफिशियल, मग भाचीनी चार्टवर कुठला लिहायचा सांगा काका.

वेगाचं तर विचारूच नका. 'स्टार ट्रेक'मध्ये जहाजाचा वेग वॉर्प नंबरात सांगतात, आणि जुन्या सिरियलचा नियम सांगतात तो असा की त्या नंबरचा घन म्हणजे प्रकाशाच्या किती पट, वॉर्प 6 म्हणजे 216 पट. पुढच्या 'स्टार ट्रेक' सिरियलच्या 1991 च्या नव्या मॅन्युअलमध्ये वॉर्प 6 होतं 392 पट आणि वॉर्प 10 अनंत, स्केलच बदलली. आणि जुन्याच सिरियलच्या एका एपिसोडमध्ये जहाज 990.7 प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं, तर वॉर्प 8.4 नी परत यायला साडेअकरा तासांच्या आत. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, ते येतं प्रकाशाच्या साडेसात लाख पटीहून जास्त! घनाच्या नियमानी यायला हवं होतं 593 पट. संवाद लिहिणाऱ्यानी आणि नियम करणाऱ्यानी एकमेकांना फोनही केलेला दिसत नाही. पाचव्या सिनेमात लिफ्टच्या बोगद्यात 78 नंबरचा डेक दिसतो, तेवढे मजले त्या जहाजात कोंबूनही बसत नाहीत, ते असू दे.

गंमत म्हणजे हे लिहिणाऱ्यांना स्वतःला सगळं माहीत असतं. 1991 चं मॅन्युअल लिहिणाऱ्या दोघांपैकी मायकेल ओकुडाला एका मासिकानी विचारलं होतं की तुमचे ते हायझेनबर्ग कंपेन्सेटर (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या सिरियलमधल्या यंत्राचा काल्पनिक भाग) काम कसं करतात, तर तो म्हणाला, उत्तम करतात, थँक यू. त्याच टीमनी सेटवर लावलेल्या जहाजाच्या कटअवे नकाशात चाकात पळणारा उंदीर आणि एक बदक लपवलेलं आहे. आता तो उंदीर पण अचूक धरायचा का?

राहिलं नासाचं. एंटरप्राइज नावाचं स्पेस शटल होतं हे खरंय, 17 सप्टेंबर 1976 ला बाहेर काढलं तेव्हा सिरियलचे कलाकारही हजर होते. पण नाव पडलं ते फॅननी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून, मॅन्युअल बघून नाही, यान तर आधीपासून बांधायला घेतलेलं होतं. आणि ते अंतराळात कधी गेलंच नाही, 1977 मध्ये विमानाच्या पाठीवरून सोडून उतरवण्याच्या चाचण्या झाल्या, बस. भाचीला म्हटलं चार्टवर हे एवढं ठेव, शटलचा फोटो मी ऑफिसच्या कलर प्रिंटरवर काढून देतो, पोथीच्या जागी चिकटव.