तोंडाची वाफ

आमच्या घरात ट्रम्पेटला कुणी ट्रम्पेट म्हणत नाही. आजी पिपाणी म्हणते, बाबा ‘ते’ म्हणतात आणि समोरच्या काकू काहीच म्हणत नाहीत, नुसती खिडकी लावून घेतात. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना परीक्षा संपल्या संपल्या बँडच्या सरांनी मला गाठलं. “बेटा, युफोनियमवाला पोरगा पास होऊन चालला. त्याचं तू वाजव ना. ट्रम्पेट सोडू नको, हे वरून.”

हे वरून! भाजीवाला सांबार देतो तसं. (आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीसोबतचं ते वेगळं.) पण सांबाराच्या जुडीला वजन नसतं. युफोनियम म्हणजे ट्रम्पेटचा मांडीवर घेऊन वाजवायचा जाडजूड थोरला भाऊ, हे प्रकरण चार किलोच्या आसपास.

“विचार करून सांगतो,” म्हणालो आणि तेव्हापासून मी विचारच करून राहिलोय.

पितळी वाद्यांचं एक बरं असतं. मेहनत पितळ करत नाही, ओठ करतात. ओठ फुरफुरवायचे, नळी तो आवाज मोठा करते. बहुतेकांना तीन बटणं असतात. ती वेगवेगळी दाबून नळीच्या सात लांब्या मिळतात आणि बाकीचे सूर ओठ आवळून-सोडून काढायचे. “एवढ्या गाण्यांना तीनच बटणं?” असं मामा दर दिवाळीला विचारतो. मामाला मी सॅक्सोफोन वाजवावा असं वाटतं. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याला वेताची जिभली असते, म्हणून तो बासरी-क्लॅरिनेटच्या बिरादरीत बसतो, हे मी त्याला तीन दिवाळ्या समजावलं. “पण चमकतो तर पितळेसारखाच ना?” यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ट्रॉम्बोनचाही पर्याय होता. त्याला बटणं नसतात. दांडी पुढे-मागे सरकवून सात जागा सापडवायच्या. सातव्या जागेला हात पार लांब करावा लागतो. आमची खोली दहा बाय दहा. पाचव्या जागेलाच माझा हात कूलरला लागला असता.

युफोनियमची बोटं मात्र ट्रम्पेटसारखीच. ट्रम्पेटच्याच पट्टीत लिहिलेले सूर मिळाले, की नवीन काही पाठ करायला नको. फक्त नळी दुप्पट: ट्रम्पेटची साधारण साडेचार फूट, याची नऊ. इथेच बाबांनी तोंड घातलं. “एक ना धड भाराभर चिंध्या! आधीच त्या एकात तोंडाची वाफ दवडतोस, ती काय कमी आहे?”

बाबांना वाटतं ही म्हण आहे. माझ्यासाठी ते भौतिकशास्त्र आहे. तोंडातली वाफ गार पितळेत शिरली की तिचं पाणी होतं आणि दर थोड्या वेळानं खालची चावी दाबून ते सोडावं लागतं. जग त्याला थुंकी म्हणतं. आई तर पोछा फेकून मारते. मी किती वेळा सांगितलं, आई, ही थुंकी नाही गं, वाफ आहे. “मग हवेत जाऊ दे, फरशीवर काऊन येते?”

खरी भीती ओठांची. ट्रम्पेटच्या माउथपीसची वाटी सोळा-सतरा मिलिमीटरची, जुन्या आठाण्याहून लहान. युफोनियमची पंचवीसच्या पुढे. मित्र म्हणाले, मोठ्या वाटीनं ओठ सैल पडतात, मग ट्रम्पेटचे वरचे सूर गेले म्हणून समज. सर म्हणाले, “काही होत नाही. आधी ट्रम्पेटचा रियाज, मग थोडी विश्रांती, मग हे. ओठ एकच आहे, सासरं दोन आहेत, दोघांनाही वेळ द्यायचा.” सर दोन्ही वाजवतात, म्हणून मी विश्वास ठेवला. फक्त झणझणीत सावजी रस्सा खाल्ल्यावर कुठल्याच सासरी जायचं नाही, एवढा नियम मी स्वतःच्या अनुभवातून जोडला आहे. त्या रात्री ओठ होते, पण माझे नव्हते.

आता खरं कारण सांगतो. 26 जानेवारीला कस्तुरचंद पार्कवर आमचा बँड होता. सकाळची थंडी, पितळ गारठलेलं, सूर खाली उतरलेला. (मे महिन्यात उलटं: पारा 45 ला टेकतो, सूर चढतो आणि ट्युनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, ओढून ओढून हातात यायची बाकी राहते.) माझा एक वरचा सूर असा फाटला, की पुढच्या रांगेतलं एक लहान पोरगं हसलं. ट्रम्पेटची चूक पार पलीकडच्या सदर भागापर्यंत ऐकू जाते. युफोनियम बँडच्या मध्ये असतं, आवाज गोल, भरलेला. म्हटलं, तिथे चूक वरणात मीठ विरघळावं तशी विरघळेल. हे सरांजवळ बोलून गेलो. ते हसले. “लग्नाच्या वरातीत गाणं कोण उचलते, पाहिलं का कधी? युफोनियमच. लपायला जागा पाहिजे तर झांजा घे.”

तरी दोन दिवसांच्या बोलीवर ते घरी आणलं. ऑटोवाल्यानं पेटी पाहून दोन सवारींचे पैसे मागितले. घासाघीस करून दीडवर तुटलं.

दुपारची वेळ निवडली. नागपुरात उन्हाळ्याइतका रियाजाला चांगला मोसम नाही. गल्लीतले सगळे कूलर असे घरघरत असतात, की आत कुणी हत्ती पाळला तरी पत्ता लागू नये. ‘युफोनियम’चा अर्थ मुळात गोड आवाजाचं, हे आईला आधीच सांगून ठेवलं. मग मांडीवर घेतलं, श्वास भरला, फुंकलं. नुसती हवा. पुन्हा. फुस्स. गाजराची पुंगी असती तर एव्हाना मोडून खाल्ली असती. तिसऱ्यांदा ओठ जरा सैल सोडले, पोटातून जोर लावला आणि खालून, फार खालून, काहीतरी उठायला लागलं.

नेमकी लाइन गेली.

गल्लीतले सगळे कूलर एका क्षणात गप्प झाले आणि त्या शांततेत माझा पहिला सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेला. थांबवता येईना, इतका श्वास भरला होता.

समोरची खिडकी उघडली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“वहिनी,” काकू आईला म्हणाल्या, “म्हैस घेतली वाटते तुम्ही! सांगितलं नाही? आमच्याकडे अर्धा लिटर पाठवत जा ना.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग पदरानं घाम पुसला.

“दोन दिवसांच्या बोलीवर आणली आहे हो. ठेवायची की नाही, ठरायचंय अजून.”