टीप कशी द्यावी

हिऱ्यांच्या दुकानावर दरोडा घालायचा असेल, तर आधी सगळ्यांनी मिळून हॉटेलात भरपेट नाश्ता करा. सहा जणांनी एकसारखे काळे कोट, काळे टाय घालून जायचं, म्हणजे पुढे ओळखपरेडीला वेट्रेसची तारांबळ नको. 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' या इंग्रजी सिनेमातल्या मंडळींनी १९९२ सालीच लॉस एंजेलिसमध्ये हा धडा घालून दिलाय.

खरी नावं कुणी कुणाला सांगायची नाहीत, हा म्होरक्या जो कॅबटचा दंडक. प्रत्येकाच्या वाट्याला एक रंग. गुलाबी आला म्हणून मिस्टर पिंक जो तमाशा करतो, तो आपल्याकडे बारशाला रुसलेल्या आत्यालाही जमायचा नाही. दंडक मात्र पाळा. फक्त जोडीदाराच्या पोटात गोळी लागली आणि तो मागच्या सीटवर विव्हळू लागला, की मिस्टर व्हाइटसारखा त्याचा हात हातात घेऊन खरं नाव सांगून टाका. पुढे गोदामात कंगवा काढून त्याचे केसही विंचरा. माणुसकी आहे की नाही!

माणसं ओळखीतली घ्या. मिस्टर ब्लाँडने जोचं नाव न घेता चार वर्षं तुरुंगात काढली, असा निष्ठावंत शोधून सापडत नाही. दुकानातली धोक्याची घंटा वाजली की तो माणसांवर गोळ्या झाडत सुटतो, तेवढं चालवून घ्या. मिस्टर ब्ल्यू झालेला एडवर्ड बंकर तर खऱ्या आयुष्यात दरोड्यापायी तुरुंगात जाऊन आलेला. त्याला फार बोलू देऊ नका, अनुभवी माणसं उगाच शंका काढतात.

दरोडा कसा घालायचा हे विचारू नका, तो पडद्यावर दिसतच नाही. दिसते ती नंतरची हमरीतुमरी : पोलिसांना टीप दिली कुणी? संशय सगळ्यांवर घ्या. रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या मिस्टर ऑरेंजवर तेवढा घेऊ नका, मरायला टेकलेल्या माणसावर कसला संशय!

नाश्त्याचं बिल राहिलंच. ते जो कॅबट भरतो, टिपेचा एकेक डॉलर बाकीच्यांनी टाकायचा. मिस्टर पिंक नाही म्हणतो. तत्त्वाचा प्रश्न; शिवाय वेट्रेसने कॉफी सहा वेळा भरायला हवी होती, भरली तीनदाच. यावर सगळं टेबल त्याच्याशी भांडतं. तेवढ्यात जो परत येतो, पैसे मोजतो आणि कुणी दिले नाहीत म्हणून विचारतो.

ऑरेंज लगेच पिंकचं नाव सांगतो.

टीप अशी द्यायची असते.