पेढीतला ‘मुघल जेड’: त्या मेसेजमधला एकेक दावा

सोलापुरात एक मेसेज ग्रुपाग्रुपातून फिरतोय. जुन्या सावकारी पेढीत गहाण पडलेले, कधीच न सोडवलेले जेड या मौल्यवान दगडाचे कोरीव दागिने विक्रीला आलेत म्हणे. पदकं, बांगड्या, मण्यांच्या माळा. ‘दोनशे वर्षांपूर्वीचं मुघल काम, पाचूसारखा हिरवा रंग, पेढीवर पारखलेलं, काचेवर ओरखडा काढतं, हाताला गार लागतं, वर हॉलमार्क.’ लग्नसराईच्या तोंडावर लोक यात साठवलेले पैसे घालायच्या बेतात आहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात मोठा आधार पेढीचा दिलाय आणि तोच सगळ्यात पोकळ आहे. सावकार दागिना तारण घेतो तो सोन्यावर. कसोटीवर घासून कस बघायचा, खड्यांचं वजन वजा करायचं, उरलेल्या धातूवर रक्कम द्यायची. आज सराफाकडे मोड घालायला गेलात तरी हिशोब हाच. म्हणजे दागिना पेढीच्या तिजोरीत कितीही वर्षं राहिला असला, तरी त्यातला हिरवा दगड कुणी तपासलेला असण्याची शक्यता फार कमी.

‘मुघल’ आणि ‘पाचूसारखा हिरवा’ हे दोन दावे तर एकमेकांनाच खोडतात. जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात, नेफ्राइट आणि जेडाइट. हा फरक 1863 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ दामूर यांनी दाखवला. मुघल कारागिरांचा दगड नेफ्राइट, आजच्या चीनमधल्या खोतानकडून आलेला. त्याचे रंग पांढरा, राखाडी-हिरवट, गडद हिरवा. शाहजहानचा 1657 चा प्रसिद्ध प्याला पांढराशुभ्र आहे. झगझगीत पाचू-हिरवा रंग ब्रह्मदेशच्या जेडाइटचा. खरं मुघल काम बघायचं तर सोलापूरहून हैदराबाद लांब नाही. सालारजंग संग्रहालयात जेडचं स्वतंत्र दालन आहे, तिथे जहांगीरचा खंजीर ठेवलाय. त्या कामातली कोंदणाची सोन्याची रेघ एकदा डोळ्यांत भरली की बाजारातल्या मालाकडे बघायची नजर बदलते.

काचेवरचा ओरखडा. खनिजांच्या 1 ते 10 या मोह्स पट्टीवर काचेची कठीणता साधारण साडेपाच, नेफ्राइटची 6 ते 6.5, जेडाइटची 6.5 ते 7. पण क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, 7 आहे आणि जेड म्हणून खपवला जाणारा बराच माल रंगवलेला क्वार्ट्झाइट किंवा हिरवा अ‍ॅव्हेंच्युरिन, म्हणजे क्वार्ट्झचेच दगड असतात. तोही काच आरामात ओरखडेल. शिवाय दागिना खरोखर जुना असेल तर या नादात त्याची कड उडेल, कृपा करून असं करू नका. गारव्याचं म्हणाल तर काचही गार लागते. त्यातून फार तर प्लॅस्टिक ओळखू येईल.

त्यापेक्षा वजन जास्त बोलतं. सुटा, न जडवलेला मणी सराफाच्या काट्यावर हवेत 12 ग्रॅम भरला असं धरा. तोच दोऱ्याने काट्याला टांगून पाण्यात बुडवून, तळाला न टेकवता तोलला, तर नेफ्राइट जवळपास 7.9 ग्रॅम दाखवेल, जेडाइट 8.4. क्वार्ट्झ असेल तर काटा साडेसातच्याही किंचित खाली थांबेल. एवढ्याने अस्सलपणा सिद्ध होत नाही, पण क्वार्ट्झ तिथेच गळतो. मग दहापट भिंग लावा. रंगवलेल्या क्वार्ट्झाइटमध्ये रंग कणांच्या सांध्यांत जाळीसारखा साचलेला दिसतो, काचेत बुडबुडे दिसतात.

हॉलमार्क धातूच्या शुद्धतेचा असतो. दगडाबद्दल तो एक अक्षर सांगत नाही.

दगडासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. त्यात नुसतं ‘जेड’ चालणार नाही, खनिजाचं नाव हवं. जेडाइट असेल तर प्रक्रियेचा उल्लेखही हवा, कारण आम्लात धुऊन रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखी राळ, भरलेला माल उघड्या डोळ्यांना सुंदरच दिसतो. मात्र हा अहवाल दागिना किती जुना आहे हे सांगत नाही. दोनशे वर्षं हा विक्रेत्याचा शब्द आहे, तेव्हा त्याला त्याच शब्दावर धरा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. तो परवाना दाखवा म्हणावं, आणि तो बघितल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नका.