18-1 हा आकडा खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष?

हंगामातल्या विजयाच्या टक्केवारीनुसार बेसबॉलच्या पिचरांची (बॅटरला चेंडू टाकणाऱ्यांची) यादी लावायची आणि ‘इतिहासातले सर्वोत्तम हंगाम हेच’ असं ठोकून द्यायचं, असा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. पहिल्या नंबरवर पिट्सबर्ग पायरेट्सचा रॉय फेस: 1959, 18 विजय, 1 पराभव, टक्केवारी .947. आकड्यांबद्दल वाद नाही. वाद पुढच्या दाव्यांबद्दल आहे.

‘फेसने 18 सामने जिंकून दिले.’ त्या वर्षी तो 57 सामन्यांत खेळला आणि त्यातल्या एकाचीही सुरुवात त्याने केली नाही. तो रिलिव्हर, म्हणजे सामन्याच्या उत्तरार्धात येणारा पिचर. संघाने निर्णायक आघाडी घेतली तेव्हा जो पिचर खेळात असेल, साधारणपणे विजय त्याच्या नावावर लागतो. आता गंमत बघा. रिलिव्हरने आयती मिळालेली आघाडी घालवली आणि आपल्या बॅटर्सनी ती परत मिळवून दिली, तरी विजय त्याचाच! फेसच्या 18 मध्ये असेही काही आहेत. तो उत्तम पिचर होता, त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा) 2.70 होता. पण उत्तम म्हणजे सर्वोत्तम नव्हे. 1995 मध्ये ग्रेग मॅडक्सचा ईआरए 1.63 होता. त्याची नोंद 19-2, म्हणून या यादीत तो फेसच्या खाली.

‘पराभव पिचरच्या चुकीनेच होतो.’ यावर उत्तर फेसच्याच संघात सापडतं, तेही त्याच वर्षी. 26 मे 1959 ला मिलवॉकी ब्रेव्हजविरुद्ध हार्वी हॅडिक्सने सलग 12 इनिंग, म्हणजे ओळीने 36 बॅटर्स बाद केले; एकही जण पहिल्या बेसवर (धावेसाठी गाठायच्या चार टप्प्यांपैकी पहिल्यावर) पोहोचला नाही. पायरेट्सने तोवर ब्रेव्हजचा पिचर लू बर्डेटला भरपूर हिट मारले होते, पण धाव एकही काढली नव्हती. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करणाऱ्या पायरेट्सच्या डॉन होकचा थ्रो चुकला, पुढे ब्रेव्हजच्या जो ॲडकॉकचा फटका बसला आणि सामना 1-0 ने गेला. धाव चुकीतून आली, म्हणून ती हॅडिक्सच्या ईआरएमध्ये धरलीच नाही. पराभव मात्र त्याच्या नावावर लागला. त्याचा हंगाम 12-12 असा संपला. टक्केवारीच्या यादीत त्याला कोण शोधणार?

‘नशिबाचा खेळ हंगामभरात सारखा होतो.’ होत नाही. 1987 मध्ये नोलन रायनचा ईआरए, 2.76, नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतल्या दोन प्रमुख लीगपैकी एक) सर्वांत कमी होता, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर्स) सर्वांत जास्त, 270. नोंद: 8-16.

‘खरा दादा पिचर कमजोर संघालाही जिंकवतो.’ इथे स्टीव्ह कार्लटनचं नाव हमखास येतं, आणि यावं. 1972 मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने जेमतेम 59 सामने जिंकले, त्यातले 27 एकट्या कार्लटनच्या नावावर. असा हंगाम विरळाच. पण मग टक्केवारीचं काय? 27-10 म्हणजे .730. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये त्याच्या पुढे होता सिनसिनाटीचा गॅरी नोलन, 15-5, .750. कार्लटनने टाकलेल्या इनिंग्ज त्याच्या जवळजवळ दुप्पट.

हंगामातल्या सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्कारासाठी मतं द्यायची जबाबदारी ज्यांची असते, त्यांनी हे केव्हाच ओळखलंय. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम 10-9 होता, ईआरए 1.70. त्या पुरस्कारासाठी पहिल्या पसंतीची 30 पैकी 29 मतं त्याला पडली.